पंखा फिरतो, दिवा लागतो, पण मॉनिटर काळाच: डेस्कटॉपचा ‘नो डिस्प्ले’ दोष कसा शोधावा

लक्षणे

पॉवरचे बटण दाबले की कॅबिनेटवरचा दिवा लागतो, आतले पंखे फिरू लागतात, पण मॉनिटरवर एक अक्षरही उमटत नाही. फार तर ‘नो सिग्नल’ अशी पाटी क्षणभर दिसते, मग मॉनिटरचा दिवा निळ्याचा नारिंगी होतो किंवा लुकलुकू लागतो आणि पडदा काळा तो काळाच राहतो. काही संगणकांतून ठरावीक अंतराने ‘बीप’ ऐकू येतो, काहींतून तोही नाही. ‘काल संध्याकाळपर्यंत अगदी व्यवस्थित चालत होता हो,’ असे सांगणारा माणूस बहुधा खरेच बोलत असतो. फक्त मधल्या वेळात टेबल सरकवलेले असते, लाइट जाऊन आलेली असते किंवा संगणक काही आठवडे नुसताच बंद पडून राहिलेला असतो.

मी कोकणपट्टीतील शाळांचे आणि लहान कार्यालयांचे संगणक सांभाळतो. उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की या एकाच तक्रारीचे फोन लागोपाठ येऊ लागतात, कारण महिना-दीड महिना बंद राहिलेले यंत्र आणि मृगाची दमट हवा एवढ्यावरच हा दोष उद्भवू शकतो. बऱ्याच ठिकाणी माझ्या आधी कोणीतरी येऊन ‘मदरबोर्ड गेला’, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड बिघडला, असे सांगून गेलेले असते. प्रत्यक्षात या दोषात भाग जळण्यापेक्षा कुठेतरी जोड सुटण्याचे प्रमाण पुष्कळच जास्त असते, आणि म्हणूनच तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी फुकटातले, मग शंभर रुपयांचे आणि त्यानंतर हजारांचे.

दिसायला सारखे, पण वेगळे असे तीन दोष आधी ओळखून ठेवावेत. बटण दाबल्यावर पंखाही फिरत नसेल, तर प्रश्न विजेचा आहे. सॉकेट, केबल, स्पाइक बोर्डाचे बटण आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) यांकडे वळावे. कंपनीचे बोधचिन्ह किंवा विंडोजची खूण दिसून मग पडदा काळा होत असेल, तर यंत्र ठीक असून ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावर चित्र आणणारा भाग चालवणारा प्रोग्राम) किंवा विंडोज बिघडलेली असते. तेथे विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबून पाहावीत, कारण त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पंखा दोन सेकंद फिरून थांबत असेल आणि पुन्हा आपोआप फिरत असेल, तर मात्र खालील तपासण्या लागू पडतात, फक्त रॅम (संगणकाची काम चालू असतानाची स्मृती) आणि एसएमपीएस यांवर संशय अधिक ठेवावा.

एक पथ्य सुरुवातीलाच सांगून ठेवतो. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर संगणक चालू करून पाहावा. रॅम पुसली, केबल बदलली आणि सेलही बदलला, आणि संगणक सुरू झाला, तर तो कशामुळे सुरू झाला हे कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच दोष आला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

पेटी न उघडता करण्याच्या तपासण्या

मॉनिटर स्वतः ठीक आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. त्यासाठी संगणकाची केबल मॉनिटरच्या मागून काढावी, विजेची केबल तशीच ठेवावी आणि मॉनिटर बंद करून चालू करावा. ‘नो सिग्नल’, ‘चेक केबल’ किंवा नुसते कंपनीचे नाव, काहीही दिसले तरी पडदा आणि त्यामागचा प्रकाश दोन्ही चालू आहेत, हे सिद्ध झाले. काहीच दिसले नाही, तर खोलीतला दिवा मालवून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पडद्यावर तिरका पाडावा. अक्षरे पुसट दिसली तर मागचा प्रकाश गेला आहे, आणि तसे असल्यास कॅबिनेट उघडण्याचे काही कारणच उरत नाही, दुरुस्ती मॉनिटरची करावी लागते.

मॉनिटर ठीक निघाला, तर त्याच्या मेनूतील इनपुट किंवा सोर्स पाहावे. केबल एचडीएमआयची लावलेली आणि मॉनिटर व्हीजीएवर थांबलेला, असे अनेकदा आढळते, कारण पुसताना कडेच्या बटणांवर हात पडतो. आपोआप इनपुट शोधण्याची सोय असलेले मॉनिटरही कधीकधी जुन्याच इनपुटवर अडून बसतात.

मग केबल. दोन्ही टोके काढून परत बसवावीत. व्हीजीएची असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळावेत, नाहीतर केबलच्याच वजनाने जोड एका बाजूने झुकतो. व्हीजीएच्या टोकात पाच-पाचच्या तीन रांगांत पिना असतात. त्यांपैकी एखादी वाकलेली दिसली, तर बॉलपेनच्या रिकाम्या नळीने ती हळूच सरळ करता येते. मात्र मधल्या रांगेतली एक पिन मुळातच नसलेली पुष्कळ केबल बाजारात असतात आणि तो दोष नव्हे. निव्वळ त्यामुळे केबल फेकून देऊ नये. शेजारच्या चालू संगणकाची केबल आणून लावून पाहणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

कॅबिनेटच्या मागे केबल कोणत्या खाचेत लावली आहे, इकडे फार थोडे लोक लक्ष देतात. वरच्या भागात यूएसबी आणि स्पीकरच्या खाचांशेजारी असते ती मदरबोर्डची खाच. त्याखाली आडव्या पट्टीवर वेगळ्या असतात त्या ग्राफिक्स कार्डाच्या. कार्ड बसवलेले असेल तर केबल कार्डालाच लावावी, कारण बहुतेक संगणक कार्ड दिसले की मदरबोर्डची खाच आपोआप बंद करतात. शिवाय इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत चित्र तयार करणारा भागच नसतो. एएमडीच्या रायझनमधील ७००० मालिकेच्या आधीच्या, क्रमांकामागे ‘जी’ नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरचेही तसेच. अशा संगणकात मदरबोर्डच्या खाचेतून चित्र येणे शक्यच नाही, मग केबल कितीही चांगली असो. टेबल हलवल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारीत मी हे आवर्जून पाहतो.

यानंतरची परीक्षा मला विशेष आवडते, कारण तिने शोधाचे क्षेत्र एका क्षणात निम्मे होते. संगणक चालू करून दोन मिनिटे थांबावे आणि कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबावे. दर दाबण्यासरशी त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर पडदा काळा असला तरी संगणक आतून जागा आहे. दोष केबल, मॉनिटर, इनपुट किंवा ग्राफिक्स यांच्यापलीकडे नाही. विंडोज सुरू झाल्याचा आवाज येत असेल तर मग प्रश्नच नाही. दिवा ढिम्म राहिला, तर मात्र संगणक सुरुवातीच्या स्वयंतपासणीतच अडकला आहे, आणि पुढचा संशय रॅमवर जातो.

पेटी उघडण्यापूर्वी आणखी एक फुकटची गोष्ट करावी. प्रिंटर, पेनड्राइव्ह, यूएसबी हब, सगळे काढून टाकावे, कारण आतून शॉर्ट झालेली यूएसबीची एखादी वस्तूही संपूर्ण संगणक अडवून धरू शकते. मग सॉकेटचे बटण बंद करून थ्री-पिन प्लग उपसावा आणि कॅबिनेटचे पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरावे. संगणक बंद असतानाही मदरबोर्डला पाच व्होल्टचा ‘स्टँडबाय’ पुरवठा चालू असतो, आणि विजेच्या झटक्यानंतर बोर्ड अर्धवट अवस्थेत अडकला की केवळ बटणाने बंद-चालू करून तो त्यातून बाहेर येत नाही. प्लग काढून बटण दाबून धरल्याने उरलेली वीज निघून जाते. लाइट जाऊन आल्यानंतर काळा पडलेला संगणक एवढ्यानेच सुरू होताना मी कितीदा तरी पाहिला आहे.

रॅम

येथून पुढे पेटी उघडायची आहे. संगणक वॉरंटीत असेल आणि स्क्रूवर कंपनीचे सील असेल, तर येथेच थांबावे. सील तोडून वाचणारे पैसे वॉरंटी गमावण्याच्या तोडीचे नसतात.

प्लग पूर्ण काढलेला असावा, नुसते बटण बंद असून चालत नाही. हात कोरडे असावेत आणि आतल्या कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज तेथे निघून जाते. कोकणात पावसाळ्यात तिची भीती कमी, पण नागपूर-अकोल्याकडे थंडीच्या कोरड्या दिवसांत स्वेटर घालून हे काम मुळीच करू नये.

रॅमची पट्टी मदरबोर्डवर प्रोसेसरच्या पंख्याशेजारी उभी बसवलेली असते. तिच्या टोकाची खिटी बाहेरच्या बाजूला दाबली की पट्टी थोडी वर उचलली जाते. काही बोर्डांवर खिटी एकाच टोकाला असते. दुसरे टोक ओढून काढण्याचा हट्ट करू नये. पट्टी कडेने धरून उजेडात न्यावी आणि खालच्या सोनेरी दातांकडे नीट पाहावे. चांगले दात एकसारखे पिवळे आणि चकचकीत दिसतात. दोष असेल तेथे ते मळकट, तांबूस छटेचे होतात किंवा त्यांवर धुरकट पापुद्रा दिसतो. दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. समुद्राकडची खारी हवा, धूळ आणि ओल यांचा थर त्यावर बसतो, आणि ऊन-थंडीने धातू आकुंचन-प्रसरण पावताना खाचेतल्या स्प्रिंगशी त्याचे सूक्ष्म घर्षण होत राहते. डीडीआर ४ या पिढीच्या रॅमच्या पट्टीला २८८ संपर्क असतात. त्यांतला एखादा महत्त्वाचा संपर्क तुटला तरी स्वयंतपासणी पुढे सरकत नाही.

साफ करायला शाळेतला मऊ पांढरा खोडरबर पुरतो. शाईचा, खरखरीत निळा-तांबडा खोडरबर वापरू नये, त्याने मुलामाच खरवडला जातो. पट्टी टेबलावर कागदावर आडवी ठेवून, दातांच्या लांबीच्या दिशेने, वरून खाली दोन्ही बाजूंनी हलका हात फिरवावा आणि खोडरबराचे कण कोरड्या ब्रशने पूर्ण झटकावेत. काही जाणकारांना खोडरबर मुळीच मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल हाताशी असेल तर सुती कापडाला ते लावून पुसणे अधिक सौम्य. पेट्रोल, रॉकेल आणि अत्तर यांचा प्रयोग करू नये. खाचेतली धूळ काढायला ब्रश किंवा हाताचा ब्लोअर वापरावा. तोंडाने फुंकर मारण्याची सवय वाईट, कारण तिच्याबरोबर थुंकीचे तुषार आत जातात आणि ज्या ओलीने दोष आला तीच आपण खाचेत घालतो.

परत बसवताना पट्टीतली चीर आणि खाचेतली उंच जागा जुळवावी. त्या जुळत नसतील तर पट्टी उलटी धरलेली आहे किंवा ती दुसऱ्याच पिढीची आहे. डीडीआर ३, ४ आणि ५ या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ, सारखा दाब द्यावा. खिटी ‘टक्’ आवाज करून आपोआप आत वळली पाहिजे. आवाज आला नाही, खिटी बोटाने ढकलावी लागली, तर पट्टी अजून अर्ध्या-एक मिलिमीटरने वरच आहे, असे समजावे. तेवढे अंतर ‘नो डिस्प्ले’ला पुरेसे असते.

दोन पट्ट्या असतील तर आधी एकीवरच संगणक चालवून पाहावा. चार खाचांच्या बोर्डावर एकटी पट्टी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवायची असते. एका पट्टीवर चालतो आणि दुसरीवर नाही, तर पट्टी गेली. दोन्ही पट्ट्या एका खाचेत चालतात आणि दुसरीत नाहीत, तर खाच गेली, आणि खाच सोडून देऊन काम चालवता येते. एवढी साधी अदलाबदल न करता नवी रॅम विकत घ्यायला लावणारे दुकानदार पुष्कळ आहेत.

डीडीआर ५ असलेल्या नव्या संगणकात रॅम काढून बसवल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण बोर्ड त्या पट्टीशी वेग जुळवून घेत असतो. या काळात घाईने बटण दाबून तो बंद करू नये. दहा मिनिटे तरी वाट पाहावी.

बीपचा अर्थ बोर्डाच्या बायोसनुसार (संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामनुसार) बदलतो. ढोबळ मानाने, सारखे येत राहणारे बीप रॅमकडे बोट दाखवतात, आणि एक लांब बीप व मागोमाग दोन-तीन आखूड बीप ग्राफिक्सकडे. बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला नसेल तर आवाज येणारच नाही, तेव्हा शांतता म्हणजे सर्व ठीक, असे समजू नये. नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. त्यांपैकी जो लागून राहतो, तेथे अडले आहे.

रॅम पुसल्यावर संगणक सुरू झाला आणि वर्षभर टिकला, तर काम झाले. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच झाले, तर सारखी रॅम पुसत बसू नये. खाच सैल झाली आहे किंवा बोर्डाला चीर आहे. कॅबिनेट जमिनीवर, खिडकीखाली किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटून असेल तर तेथून हलवावे, आणि सुट्टीतही आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास संगणक चालू ठेवावा, कारण त्याच्याच उष्णतेने आतली ओल निघून जाते. आमच्या शाळांपैकी जेथे शिपाईमामांनी हे मनावर घेतले, तेथून जूनमध्ये फोन येत नाही.

कार्ड, सेल आणि एसएमपीएस

ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही याच पद्धतीने काढून, दात पुसून बसवावे, आणि त्याला वेगळी विजेची केबल असल्यास ती घट्ट आहे ना, हे पाहावे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवून मदरबोर्डच्या खाचेवर संगणक चालवणे, ही कार्डाची उत्तम परीक्षा आहे.

मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो. त्याचा क्रमांक सीआर २०३२, दाब तीन व्होल्ट, आणि तो घड्याळवाल्याकडेही शंभर रुपयांच्या आत मिळतो. संगणकाची तारीख वारंवार मागे जात होती, असे विचारल्यावर कळले, तर सेल उतरलेला आहे. तो उतरला की बायोसची जुळणी (सेटिंग) बिघडते आणि काही बोर्ड त्या बिघडलेल्या जुळणीवर अडून बसतात. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दाखवणारा सेल मी सरळ बदलतो. प्लग काढून, सेल पाच मिनिटे बाहेर ठेवून परत बसवला की जुळणी मूळ अवस्थेत जाते.

मात्र त्यापूर्वी एक सावधगिरी. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर बायोसची जुळणी बदलल्यावर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. कार्यालयाच्या संगणकाची असेल तर कोणाच्या खात्यात आहे, हे आधी विचारून घ्यावे. ती मिळणार नसेल तर सेलला हात लावू नये.

एसएमपीएसबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: पंखा फिरतो म्हणजे पुरवठा चांगला. पंखा कमी दाबावरही फिरतो. मदरबोर्डला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट हे तिन्ही दाब पाच टक्क्यांच्या मर्यादेत लागतात. म्हणजे १२ च्या तारेवर ११.४ पेक्षा कमी दिसले तर पुरवठा दोषी. शिवाय २४ पिनांच्या मोठ्या जोडाखेरीज प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांचा वेगळा जोड असतो. तो सुटलेला असेल तर सगळे पंखे झोकात फिरतात आणि पडद्यावर काही येत नाही, कारण प्रोसेसरपर्यंत वीजच पोहोचत नाही. साफसफाईनंतर उद्भवलेल्या दोषात तो जोड दाबून पाहावा. एसएमपीएस वाईट असल्याची शंका आली, तर चालू संगणकाचा एसएमपीएस जोडून खात्री करावी. त्याची पेटी उघडू नये. आपल्याकडचा २३० व्होल्टचा पुरवठा आत गेल्यावर त्याचे सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट होतात, आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांड्यासारखे भाग) तो दाब काही काळ धरून ठेवतात.

कोठे थांबावे

जळका वास आला, बोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली किंवा गळलेली दिसली, आत पाणी गेल्याच्या खुणा असल्या किंवा वीज पडल्यानंतर दोष सुरू झाला, तर पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा आणि संगणक तंत्रज्ञाकडे न्यावा. प्रोसेसर काढण्याचे काम घरी करू नये. खाचेतल्या केसासारख्या पिना एकदा वाकल्या की बोर्ड गेल्यात जमा असतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर संगणकाच्या तंत्रज्ञाआधी वायरमनला बोलवावे. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे अर्थिंगची तार असतेच असे नाही, आणि तेथे नवा एसएमपीएस बसवूनही प्रश्न सुटत नाही.

तंत्रज्ञाकडे देताना काय काय करून झाले ते कागदावर लिहून द्यावे, रॅमच्या पट्ट्या किती आणि किती जीबीच्या आहेत याची नोंद करावी, आणि आत महत्त्वाचा विदा (डेटा) असेल तर हार्डडिस्क किंवा एसएसडी काढून आपल्याकडे ठेवावी. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे कोणी म्हणाले तर स्पष्ट नकार द्यावा. हा दोष डिस्कवरील विंडोज वाचायला सुरुवात होण्याच्याही आधीचा आहे. ज्या यंत्रात पडद्यावर अक्षरही येत नाही, त्याची डिस्क पुसून त्यात काही फरक पडत नाही. भाग बदलला असेल तर जुना भाग परत मागून घ्यावा आणि बिलावर नव्या भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण त्याची वॉरंटी त्या क्रमांकावरच मिळते.